‘आधार पाठवा, नंबर सांगा’

कोल्हापूरच्या शाहूपुरीत स्टेशन रोडच्या आसपासच्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात दुपारी थोडा वेळ उभं राहावं. गिऱ्हाईक येतं, काउंटरवर चिकटवलेला नंबर बघतं आणि त्यावर आधार कार्डाची पीडीएफ व्हॉट्सॲप करतं. पाठोपाठ पॅन कार्ड, पासबुकाचं पहिलं पान, पोराचा जन्मदाखला. दुकानातला मुलगा कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेबमधून फाइल उतरवून घेतो, प्रिंट काढतो. गिऱ्हाईक क्यूआर कोड स्कॅन करून पैसे देतं आणि वाटेला लागतं. फाइल मात्र तिथेच ‘डाउनलोड्स’ नावाच्या फोल्डरमध्ये पडून राहते, आधीच्या शेकडो आधार कार्डांच्या सोबतीला. रात्री आठवण होऊन ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केलं, तर चॅटमधला मेसेज जातो. फोल्डरमध्ये उतरलेली प्रत जात नाही.

आता याच गिऱ्हाइकाला म्हणा, की विजेचं बिल मोबाईलवरून भरत जा. “नको रं बाबा, त्या ऑनलाइनमध्ये खात्यातनं पैसे जात्यात!” आणि आधारबद्दल विचारलं, तर खांदे उडवून उत्तर येईल, “आमच्याकडं काय हाय चोरायला?”

दोन्ही उत्तरं एकाच माणसाची, आणि दोन्ही मनापासून दिलेली. त्याची भीती बिनबुडाची आहे असं नाही, पण ती भलत्या जागी लागली आहे. ऑनलाइन सेवांवर विश्वास ठेवावा की नाही, हा प्रश्न घाऊक स्वरूपात विचारला की असंच होतं. मग एक तर सगळंच नको वाटतं, नाही तर सगळ्यालाच मान डोलावली जाते. त्यापेक्षा समोरच्या सेवेकडे माझं नेमकं काय काय राहतं, आणि ते उद्या बाहेर पडलं तर परत घेता येईल का, हे बघायला लागलं की उत्तर प्रत्येक सेवेपुरतं वेगळं येतं.

तुटक माहिती जुळते कशी

‘चोरायला काय हाय’ या प्रश्नापासूनच सुरुवात करू, कारण त्याचं उत्तर लोकांना कुणी नीट दिलेलं नसतं. नुसता मोबाईल नंबर, नुसती जन्मतारीख, नुसता पत्ता यांपैकी कशानेच खातं रिकामं होत नाही. पण तीन वेगळ्या ठिकाणांहून फुटलेली माहिती मोबाईल नंबरच्या आधारे एकत्र लावता येते. आपला नंबर वर्षानुवर्षं तोच असतो, आणि तो आपण बिलाच्या काउंटरपासून लग्नाच्या वधू-वर सूचक मंडळापर्यंत सगळीकडे दिलेला असतो.

ही जोडणी झाली की फोन येतो. “नमस्कार साहेब, मी बँकेतून बोलतोय. आपला पत्ता अमुक गल्ली, शाहूपुरी, बरोबर ना? जन्मतारीख तमुक? केवायसी अपडेट राहिलीय.” समोरचा आपलीच माहिती आपल्याला ऐकवतो आणि तिच्या जोरावर आपला विश्वास कमावतो. त्याला हवा असतो फक्त शेवटचा ओटीपी. पत्ता आणि जन्मतारीख हे त्या फोनचं भांडवल असतं.

डोमिनोज पिझ्झाच्या भारतातल्या सुमारे १८ कोटी ऑर्डरींचा तपशील २०२१ मध्ये बाहेर पडला. आर्थिक माहिती सुरक्षित आहे, असा खुलासा कंपनीने केला. पण पुढे ती चोरलेली माहिती एका संकेतस्थळावर अशी मांडली गेली, की मोबाईल नंबर टाकला की त्या माणसाच्या ऑर्डरी आणि त्या कुठे पोचवल्या ते ठिकाण दिसायचं. एखाद्या बाईला कुणी त्रास देत असेल, तर तिच्या दृष्टीने कार्ड नंबरापेक्षा घराचा पत्ता जास्त नाजूक. ‘आर्थिक माहिती गेलेली नाही’ हे कंपनीचं आवडतं वाक्य वाचताना एवढं ध्यानात असावं.

कोल्हापूरची एटीएम, ११ ऑगस्ट २०१८

चांगल्या, जुन्या, नावाजलेल्या संस्थेकडे माहिती दिली की झालं, असा दुसरा समज. त्यासाठी लांब जायला नको. पुण्याची कॉसमॉस बँक १९०६ सालची, सहकारातली मोठी बँक. ११ ऑगस्ट २०१८ च्या शनिवारी काही तासांत जगातल्या २८ देशांतल्या एटीएममधून या बँकेचे सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातल्या एटीएममधून सुमारे अडीच कोटी निघाले. दोनच दिवसांनी आंतरराष्ट्रीय बँक व्यवहारांच्या स्विफ्ट यंत्रणेतून सुमारे १४ कोटी हाँगकाँगला वळवले गेले. एकूण फटका ९४ कोटींच्या वर. भारतात निघालेल्या रकमेपैकी सुमारे ८९ लाख रुपये बनावट कार्डं घालून कोल्हापुरातल्या एटीएममधून काढले गेले, असं पोलिस तपासात पुढे आलं. आपण ज्या यंत्रांतून पगार काढतो, तसल्याच यंत्रांपुढे उभं राहून.

हे झालं कसं? आपण एटीएममध्ये कार्ड घालतो, तेव्हा यंत्र स्वतः काहीच ठरवत नाही. ते बँकेच्या ‘स्विच’ नावाच्या कॉम्प्युटरला विचारतं. स्विच पुढे बँकेच्या मुख्य हिशेबाच्या यंत्रणेला विचारतो, की हे खातं आहे का, पिन बरोबर आहे का, शिल्लक किती. तिकडून होकार आला की नोटा बाहेर येतात. हल्लेखोरांनी बँकेच्या यंत्रणेत घातक प्रोग्रॅम शिरवला आणि खऱ्या स्विचच्या जोडीला आपला खोटा स्विच उभा केला. बनावट कार्डांची चौकशी या खोट्या स्विचकडे वळायची आणि मुख्य यंत्रणेला न विचारताच तो ‘द्या पैसे’ असं कळवायचा. शिल्लक तपासायचा प्रश्नच उरला नाही.

यात ग्राहकाच्या हातात काय होतं? काहीच नाही. पिन टाकताना हात आडवा धरणारा आणि पिन कार्डावरच लिहून ठेवणारा, दोघंही त्या दिवशी सारखेच. या प्रकरणात पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवलं. त्यांत बहुतेक एटीएमपुढे उभे राहिलेले लोक होते. यंत्रणेत शिरणारी डोकी परदेशात होती.

पण या गोष्टीत दिलासा देणारी एक बाब आहे आणि ती सहसा सांगितली जात नाही. ग्राहकांच्या खात्यांतून एक रुपयाही वजा झाला नाही. नुकसान बँकेचं झालं. पैशाच्या बाबतीत आपल्याकडे नियमांची बरीच भक्कम चौकट आहे. चूक ना बँकेची ना ग्राहकाची, त्रयस्थ कुणी घात केला, आणि ग्राहकाने बँकेकडून सूचना आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत कळवलं, तर त्याच्यावर काहीच भार येत नाही, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच सांगून ठेवलं आहे. ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. म्हणून १९३० या हेल्पलाइनवर आणि बँकेला लगेच फोन करायचा असतो. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात जाताना माग ठेवतो, मधल्या मधे गोठवता येतो, परत येऊ शकतो.

माहितीचं तसं नाही. तुमच्या आधारची पीडीएफ चोरीला गेली तर ती तुमच्याकडेही असतेच, फक्त तिची आणखी एक प्रत कुणाकडे तरी असते. ती गोठवता येत नाही, वसूल करता येत नाही. पैशापेक्षा माहितीच्या बाबतीत हात आखडता घ्यायचा तो यासाठी. आपण नेमके उलटे वागतो.

पासवर्डची ढेप

आता सेवेच्या आत डोकावू. जीमेल असो की एखादं छोटं शिकवणीचं ॲप, आपण दिलेला पासवर्ड त्यांच्याकडे कुठल्या रूपात असतो? नीट बांधलेल्या सेवेकडे तो नसतोच.

शाहूपुरीत शाहू महाराजांच्या काळात गुळाचा बाजार उभा राहिला, त्यामुळे उदाहरण गुऱ्हाळाचंच घेतो. ऊस चरकात घालायचा, रस काहिलीत आटवायचा, ढेप पाडायची. उसाची ढेप करता येते. ढेपेपासून ऊस परत उभा करता येत नाही. पासवर्डवर असंच एक उलट न फिरणारं गणित केलं जातं, त्याला ‘हॅश’ म्हणतात. तुमच्या पासवर्डची अक्षरं त्या गणितातून काढली की अक्षर-आकड्यांची एक लांबलचक माळ निघते, आणि सेवा फक्त ती माळ साठवते. गुळात आणि यात फरक एवढाच, की एकाच पासवर्डपासून दर खेपेस तंतोतंत तीच माळ निघते. उद्या तुम्ही लॉगिन केलं, की टाकलेल्या पासवर्डचं पुन्हा तेच गणित होतं आणि दोन माळा जुळल्या की दार उघडतं. सेवेच्या मालकालाही तुमचा पासवर्ड ठाऊक नसतो.

मग माळांची यादी चोरून उपयोग काय? चोर उलटं गणित करत बसत नाही. तो अंदाज करतो. लोक कोणते पासवर्ड ठेवतात हे आधीच्या चोऱ्यांतून जगाला कळलेलं आहे. नाव आणि जन्मसाल, देवाचं नाव आणि १२३, गाडीचा नंबर. अशा कोट्यवधी अंदाजांच्या माळा कॉम्प्युटर भराभर काढतो आणि यादीत कुठे जुळतात ते बघतो. चांगल्या सेवा त्यावर दोन उपाय करतात. एक म्हणजे प्रत्येक खात्याच्या पासवर्डमध्ये आपल्याकडून एक वेगळा यादृच्छिक तुकडा मिसळतात, त्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी माळा वेगळ्या निघतात. दुसरं, गणितच मुद्दाम संथ ठेवतात. आपल्याला लॉगिनला लागलेला सेकंदाचा छोटा भाग जाणवतही नाही, पण कोट्यवधी अंदाज करणाऱ्याची त्यात वर्षं जातात.

सेवेने यातलं काय केलं आहे हे बाहेरून कसं कळणार? बहुतेक वेळा कळत नाही. पण एक खूण खात्रीची आहे. ‘फरगॉट पासवर्ड’ दाबल्यावर नवा पासवर्ड ठरवायची लिंक आली, तर ठीक. तुमचा जुनाच पासवर्ड जसाच्या तसा ईमेलवर किंवा एसएमएसवर आला, तर समजा की तो त्यांच्याकडे वाचता येईल अशा रूपात पडलेला आहे. तिथे यापुढे काही ठेवू नका, आणि तोच पासवर्ड आणखी कुठे असेल तर आजच बदला.

खरी मेख तिथेच आहे. २०१७ मध्ये झोमॅटोच्या सुमारे १ कोटी ७० लाख वापरकर्त्यांचे ईमेल पत्ते आणि हॅश केलेले पासवर्ड चोरीला गेले होते. जेवण मागवायच्या खात्यात काय ठेवलंय, असं वाटेल. पण ईमेल आणि पासवर्डची जुळलेली जोडी चोर तिथे वापरत नाही. ती तो ईमेलच्या, खरेदीच्या, सोशल मीडियाच्या दारांवर लावून बघतो, कारण माणसं एकच पासवर्ड दहा ठिकाणी चालवतात. त्यातही ईमेलचा पासवर्ड सगळ्यांत जपायचा. बाकीच्या सेवांची नवा पासवर्ड ठरवायची लिंक तिथेच येते. तो स्वतंत्र, लांब, आणि त्यावर दुहेरी पडताळणी. एवढं एक केलं, तरी निम्मी काळजी मिटते, असं माझं मत आहे. आपला ईमेल आजवर कुठल्या चोऱ्यांत सापडला हे बघायचं असेल, तर ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने २०१३ मध्ये सुरू केलेलं ‘हॅव आय बीन पोन्ड’ हे संकेतस्थळ आहे. ईमेल पत्ता टाकायचा, पासवर्ड टाकायचा नाही.

जे ठेवलंच नाही ते फुटत नाही

विश्वासाचा प्रश्न सोडवायचा उत्तम मार्ग म्हणजे विश्वास ठेवायची वेळच येऊ न देणं. आपल्या रोजच्या व्यवहारात याची दोन सुरेख उदाहरणं आहेत.

पूर्वी खरेदीच्या संकेतस्थळावर कार्ड ‘सेव्ह’ केलं, की १६ अंकी नंबर त्यांच्याकडे राहायचा. १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने ते बंद केलं. आता दुकानाकडे कार्डाऐवजी एक बदली आकडा राहतो, त्याला ‘टोकन’ म्हणतात. तो त्या एका कार्डासाठी आणि त्या एका दुकानापुरताच चालतो. दुकानाची यादी चोरीला गेली, तरी तो आकडा दुसऱ्या दुकानात कुणाच्या कामाचा नाही.

दुसरं उदाहरण यूपीआयचं. आपण कुठल्याही कंपनीचं ॲप वापरत असलो, तरी पिन टाकायचं पान त्या ॲपचं नसतं, ते यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेचं असतं. पिन तिथेच फोनवर कुलूपबंद होऊन बँकेकडे जातो आणि ॲपवाल्या कंपनीला दिसत नाही. भाजीवाल्या मावशींना तुमचा खाते क्रमांक कळत नाही, तुम्हाला त्यांचा कळत नाही. एक फट मात्र राहते. बऱ्याच जणांचा यूपीआय पत्ता म्हणजे मोबाईल नंबर आणि पुढे बँकेचं नाव. तसा असेल, तर पैसे देताच नंबरही दिला जाऊ शकतो. ॲपमध्ये जाऊन नंबर नसलेला दुसरा पत्ता बनवता येतो, दोन मिनिटांचं काम आहे.

याच्या अगदी उलट टोक म्हणजे काही वर्षांपूर्वीची झटपट कर्ज देणारी ॲप्स. पाच हजारांच्या कर्जासाठी ती फोनबुक, फोटो, मेसेज सगळ्याची परवानगी मागत. हप्ता चुकला की फोनबुकातल्या मेहुण्याला, शाळेच्या बाईंना, ऑफिसच्या साहेबांना फोन जायचे, फोटो विकृत करून पाठवले जायचे. सप्टेंबर २०२२ च्या सूचनांत रिझर्व्ह बँकेने फोनबुक, कॉलची यादी आणि फोनमधल्या फाइलींना हात लावायला मनाई केली. ३१ मे २०२३ पासून गूगलनेही प्ले स्टोअरवरच्या कर्जाच्या ॲप्सना फोनबुक आणि फोटो बंद केले. व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून उतरवलेल्या ॲपला मात्र प्ले स्टोअरचा नियम लागू होत नाही.

फोनबुकाची परवानगी मला सगळ्यांत नाजूक वाटते, कारण ती आपली एकट्याची नसते. आपण ‘अलाउ’ दाबतो आणि चारशे माणसांची नावं-नंबर त्यांना न विचारता देऊन मोकळे होतो. शिवाय नावं आपण कशी साठवतो ते बघा. ‘डॉक्टर शुगरचे’, ‘वकील जागेची केस’, ‘सुनील व्याजाचे’, ‘पिंकी स्थळ सांगलीचं’. नुसती फोनबुक वाचून घरातला आजार, कोर्टकचेरी, कर्ज आणि ठरत आलेलं लग्न कळतं. टॉर्चच्या किंवा पंचांगाच्या ॲपला हे कशाला हवं?

कुलूप कुठवर असतं

ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसणारं कुलपाचं चिन्ह म्हणजे सुरक्षित संकेतस्थळ, असं शिकवलं गेलं आहे. ते अर्धवट आहे. त्या चिन्हाचा अर्थ एवढाच, की तुमच्या फोनपासून त्या संकेतस्थळापर्यंत जाताना माहिती मधल्या कुणाला वाचता येणार नाही. बसस्टँडवरच्या फुकट वायफायवर याचा उपयोग आहे. पण पलीकडे बसलेला माणूस भला आहे की ठग, हे ते चिन्ह सांगत नाही. बँकेच्या नावाने बनवलेल्या बनावट संकेतस्थळालाही ते मिळतं.

व्हॉट्सॲपचं कुलूप याच्या पुढचं आहे. एप्रिल २०१६ पासून तिथला मजकूर पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्याच फोनवर उघडतो. मधल्या कंपनीलाही तो वाचता येत नाही. हे खरं आहे आणि मोठं आहे. पण तुम्ही कुणाशी, कधी, किती वेळा बोलता, कुठल्या ग्रुपमध्ये आहात, हे कंपनीला कळतं. कंपनी मेटाची, म्हणजे पूर्वीच्या फेसबुकची, आणि मेटाचा धंदा जाहिरातींचा. ही माहिती घरातल्या इतर कंपन्यांना देण्याची जबरदस्ती केल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीला २१३ कोटींचा दंड केला.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते, ती बॅकअपची. रात्री दोन वाजता तुमच्या गप्पांची प्रत गूगल ड्राइव्हवर किंवा आयक्लाउडवर जाते, आणि त्या प्रतीला हे कुलूप आपोआप नसतं. २०२१ पासून ती सोय आहे, पण ती आपण चालू करावी लागते. सेटिंग्जमध्ये चॅट्स, त्यात चॅट बॅकअप, त्यात ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप’. पासवर्ड विसरलात तर गप्पा गेल्या, तेवढं लक्षात ठेवूनच चालू करा.

आणि झेरॉक्सच्या दुकानात पाठवलेलं आधार? त्या पीडीएफला शेवटपर्यंत उत्तम कुलूप होतं. ते उघडलं घेणाऱ्याच्या फोनवर, म्हणजे दुकानाच्या कॉम्प्युटरवर.

बदलता न येणाऱ्या गोष्टी

पासवर्ड फुटला तर बदलता येतो. कार्ड बंद करून नवं घेता येतं. नाइलाजाने मोबाईल नंबरही बदलता येतो. जन्मतारीख, आईचं माहेरचं नाव, बोटाचे ठसे आणि चेहरा यांना दुसरी आवृत्ती नाही. म्हणून या गोष्टी मागणाऱ्याला आपण जास्तीत जास्त प्रश्न विचारायला हवेत. प्रत्यक्षात सोसायटीच्या गेटवर आणि व्यायामशाळेच्या हजेरीला आपण अंगठा पटकन टेकवतो.

ठशाचा गैरवापर होतो तो असा. गावोगावी बँक मित्राकडे छोट्या यंत्रावर बोट ठेवून पैसे काढता येतात. त्यासाठी बँकेचं नाव, आधार क्रमांक आणि ठसा एवढं पुरतं, ओटीपी लागत नाही. ज्यांना मोबाईल नीट वापरता येत नाही, त्या म्हाताऱ्या माणसांसाठी ही खरोखर उपकारक सोय आहे. पण खरेदीखतासारख्या नोंदणी झालेल्या दस्तांवर अंगठ्याचे ठसे असतात, आधार क्रमांकही असायचा. काही राज्यांत टोळ्यांनी अशा दस्तांच्या प्रतींवरून सिलिकॉनचे किंवा रबराचे बनावट अंगठे तयार करून खाती साफ केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये आधार प्राधिकरणाने ठसा जिवंत बोटाचा आहे का हे ओळखणारी तपासणी आणली. आपल्या बाजूने करता येण्यासारखं म्हणजे आधारच्या ॲपवरून ‘बायोमेट्रिक लॉक’ लावणं. ठसा द्यायची वेळ येईल तेव्हा थोड्या वेळापुरतं ते उघडता येतं.

आधारची प्रत द्यावी की देऊ नये, यावर सरकारही एकदा गडबडलं होतं. २७ मे २०२२ रोजी प्राधिकरणाच्या बेंगळुरूच्या प्रादेशिक कार्यालयाने सांगितलं, की आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका, ‘मास्क्ड आधार’ द्या. दोन दिवसांत, चुकीचा अर्थ निघेल म्हणून, ते पत्रक मागे घेतलं गेलं आणि लोकांनी नेहमीची सावधगिरी बाळगावी, असं सांगण्यात आलं. पत्रक गेलं, पण त्यातली सोय आहे तिथेच आहे. मास्क्ड आधारवर बारा अंकांपैकी पहिले आठ झाकलेले असतात आणि शेवटचे चार दिसतात. लॉजवाल्याला, कुरियरवाल्याला, ओळख पटवून घेणाऱ्या बहुतेकांना तेवढं पुरतं. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून ई-आधार उतरवताना तसा पर्याय निवडायचा आणि तीच पीडीएफ फोनमध्ये ठेवायची. म्हणजे घाईत पाठवली, तरी तीच जाते.

┌─ चौकट: देण्याआधी विचारायचं ─┐

या कामाला ही माहिती खरंच लागते का? बिलाला मोबाईल नंबर लागत नाही. ‘नंबर नाही देत’ म्हटलं तरी बिल होतं.

फुटली तर बदलता येईल का? पासवर्ड, कार्ड: हो. ठसा, जन्मतारीख: नाही.

माहिती माझी एकट्याची आहे का? फोनबुक, मुलांचे फोटो, ग्रुपची यादी यांत इतरांचंही काही असतं.

सेवा फुकट असेल तर तिचं पोट कशावर भरतं?

पासवर्ड विसरल्यावर जुनाच पासवर्ड पाठवते का? पाठवत असेल तर तिथे काही ठेवू नये.

पैसे गेले तर: १९३० आणि बँक, लगेच. आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघायला: संचार साथी.

└──────────────┘

कागदही बुडतो

एवढं वाचून कुणी सगळं ऑनलाइन बंद करून कागदाकडे वळणार असेल, तर त्याने ऑगस्ट २०१९ चा पूर आठवावा. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट; त्या वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, आणि दोनच वर्षांनी जुलै २०२१ मध्ये आणखी वर. शाहूपुरीत कुंभार गल्लीसारख्या नाल्याकाठच्या भागात पाणी घरात शिरलं. पाणी ओसरल्यावर लोकांनी गच्चीवर, कठड्यावर वाळत घातलेले कागद मी पाहिले आहेत. शाई पसरलेले सातबारे, एकमेकांना चिकटलेली गुणपत्रकं, विम्याच्या पॉलिसींचा लगदा. नुकसानभरपाईच्या अर्जाला नेमकी तीच कागदपत्रं लागतात.

केंद्र सरकारचं डिजिलॉकर २०१५ पासून आहे. तिथे दोन प्रकारची कागदपत्रं असतात आणि त्यांतला फरक कळला पाहिजे. आपण फोटो काढून चढवलेली, ती नुसती आपली प्रत. पण आरटीओ, शिक्षण मंडळ, आधार प्राधिकरण यांच्याकडून थेट आलेली ‘इश्यूड’ कागदपत्रं नियमाने मूळ कागदाच्या तोडीची धरली जातात. इथे सरकारवर विश्वास टाकावा लागतो, पण ती माहिती सरकारकडे आधीच आहे. डिजिलॉकर वापरल्याने नवीन काही दिलं जात नाही आणि पुरात ते भिजत नाही. अशा ठिकाणी मी बिनदिक्कत विश्वास ठेवतो.

सरकारी आहे म्हणून पक्कं, असं मात्र नाही. जून २०२३ मध्ये टेलिग्रामवरच्या एका बॉटला मोबाईल नंबर दिला, की कोविडच्या लसीकरणाच्या वेळी दिलेला ओळखपत्राचा क्रमांक आणि जन्माचं साल दिसतं, अशा बातम्या आल्या. लसीकरणाच्या नोंदणीचं ‘कोविन’ हे सरकारी पोर्टल सुरक्षित असल्याचं आरोग्य मंत्रालयाने सांगितलं. लस घ्यायची तर नोंदणी करावीच लागत होती. दुकान बदलता येतं, सरकार बदलून दुसरीकडे नोंदणी करता येत नाही. त्यामुळे सरकारी यंत्रणेला तर जास्तच कडक नियम हवेत.

कायदा काय देतो, कधी देतो

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर डेटा संरक्षणाचा कायदा यायला २०२३ चा ऑगस्ट उजाडला आणि त्याचे नियम यायला २०२५ चा नोव्हेंबर. त्यातल्या कंपन्यांवर खरा भार टाकणाऱ्या तरतुदी नियमांनंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू होणार आहेत.

त्यात आपल्या कामाचं बरंच आहे. संमती मागताना काय घेणार आणि कशासाठी, हे सोप्या भाषेत सांगायचं, आणि मागितलं तर मराठीतही. दिलेली संमती काढून घेणं, देण्याइतकंच सोपं असायला हवं. माहिती फुटली तर ज्यांची फुटली त्यांना विलंब न लावता कळवायचं. कंपन्यांना सहा तासांत सरकारी यंत्रणेला कळवावं लागतंच, पण ग्राहकाला बातमी आजवर वर्तमानपत्रातूनच कळायची. दंड २५० कोटींपर्यंत. पण तो दंड सरकारी तिजोरीत जातो, ज्याची माहिती फुटली त्याला नाही. आणि ज्या जुन्या तरतुदीखाली, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३-अ खाली, भरपाई मागता येते, ते कलमच नवा कायदा काढून टाकतो. दंड जबर ठेवायचा आणि भरपाईची वाट बंद करायची, हे मला अजून पटलेलं नाही. शिवाय आपल्या यंत्रणांना सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारने स्वतःकडे ठेवला आहे.

खातं बंद करण्याबद्दलही नियम बोलतात. ॲप फोनमधून काढून टाकलं म्हणजे खातं गेलं, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. ॲप गेलं तरी कंपनीकडची माहिती जागच्या जागी असते. त्यासाठी आधी ॲपमध्ये जाऊन ‘डिलीट अकाउंट’ करायचं आणि मगच ॲप काढायचं. दोन कोटींहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या खरेदीच्या आणि सोशल मीडियाच्या कंपन्यांना नव्या नियमांत मुदत घालून दिली आहे. तीन वर्षं ग्राहक फिरकला नाही, तर ४८ तास आधी कळवून त्याची माहिती पुसायची. लहान ॲप्स, क्लासेस, दवाखान्यांची आणि दुकानांची बिलिंग सॉफ्टवेअर यांना अशी वर्षांची मोजलेली मुदत नाही. ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं की पुसा, एवढंच कायद्यात आहे. तिथे आपणच लेखी कळवायचं, की माझा नंबर यादीतून काढा. मे २०२७ पर्यंत ते ऐकायचं की नाही, हे बव्हंशी त्यांच्या मर्जीवर आहे.